बाप नाही, की बापाचं नाव नाही?

मंडळी, कॅम्प पाचात बोलायचं म्हणजे समोर जीन्स शिवणाऱ्या, धागे कापणाऱ्या बाया बसलेल्या. त्यामुळे 'बाप नसलेलं घर' हा विषय आम्हाला नुसता पुस्तकी ठेवता येत नाही.

१९६५ साली अमेरिकेत डॅनियल मॉयनिहन यांनी कृष्णवर्णीय कुटुंबांवर सरकारी अहवाल लिहिला. गुलामगिरी, बेकारी सगळं त्यात आहे. पण लोकांच्या ध्यानात एकच राहिलं, बाप घरात नाही म्हणून पोरं मागे. विल्यम रायन यांनी १९७१ साली नेमकं यावर बोट ठेवलं: ज्याला मार बसला, त्यालाच दोषी धरता! आपल्याकडे वंशाच्या जागी जात घाला, वाद तोच.

आता शरणकुमार लिंबाळे यांचं 'अक्करमाशी' (१९८४) घ्या. इथला बाप मेलेला नाही, परागंदाही नाही. तो पाटील आहे, जमीन राखून आहे. आई महार. म्हणजे बापाचं नसणं हा त्या घराचा दोष नव्हे, ती जातीने बापाला दिलेली सवलत आहे. आणि पोरावर माया कोण करतं? आजीसोबत राहणारा महमूद दस्तगीर जमादार. रक्ताचा नाही, धर्माचाही नाही. कुठल्याही अहवालाच्या तक्त्यात या माणसाला रकाना नसतो.

किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर'मध्ये (१९९४) तर घरात पुरुषांची वानवा नाही. पण ते नाचणाऱ्या लेकीबाळींच्या कमाईवर बसलेले. बाप्या माणूस घरात असून काय झालं? पोरगा डॉक्टर झाला तो शिकण्याच्या हट्टापायी. एक मात्र आम्हाला खटकतं: पुस्तकात आईवरचा राग जितका ठसतो, तितका बापावरचा ठसत नाही. तरी लेखकाने नाव लावलं ते आईचंच.

बाप नसल्याने काही बिघडत नाही, असं आम्ही म्हणत नाही. एक मजुरी कमी होते, पोरांपाशी थांबायला कुणी नसतं. मग तेच मोजा ना! जात कशाला मोजता?

१ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या कागदावर आधी आईचं नाव, मग वडिलांचं. चांगलं झालं. आम्ही मात्र वर्षानुवर्षं वर्गात पहिला प्रश्न हाच विचारला, "वडील काय करतात?" एक मुलगी म्हणाली, "आई पिको-फॉल करते." आम्ही म्हणालो, "वडील विचारले." तत्त्वज्ञान शिकवत होतो बरं का आम्ही! दुसऱ्या दिवशी ती शेवटच्या बाकावर बसली होती.