वाचावयाचा कोश : मोल्सवर्थ

ग्रंथांच्या शिफारशीत कोशाचे नाव क्वचितच येते. कोश पाहावयाचा असतो, वाचावयाचा नसतो, हा समज इतका रूढ आहे की त्याची कारणमीमांसा करण्याची गरज कोणास वाटत नाही. बहुतेक कोशांपुरता तो योग्यही आहे. रेल्वेचे वेळापत्रक कोणी आवडीने वाचीत नाही. परंतु मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशास तो लागू केल्याने आपल्या अभ्यासाची हानी झाली आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. या ग्रंथास दुर्लक्षित म्हटल्यास कोणी हसेल, कारण मराठीविषयक प्रबंधांच्या तळटीपांत त्याचे नाव वारंवार आढळते. पण तळटीपेत नाव असणे आणि ग्रंथ वाचलेला असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

कोशाचा इतिहास परिचित आहे. जेम्स मोल्सवर्थ या लष्करी अधिकाऱ्याने थॉमस व जॉर्ज कँडी या बंधूंच्या आणि एतद्देशीय ब्राह्मण शास्त्र्यांच्या साहाय्याने सिद्ध केलेली पहिली आवृत्ती १८३१ मध्ये निघाली. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दसंख्या सुमारे ६० हजारांवर गेली आणि तिच्या आरंभी जॉन विल्सन यांचा मराठीच्या घटकांविषयीचा निबंध जोडला गेला. १९७५ मध्ये पुण्यात तिचे पुनर्मुद्रण झाले, आणि आता शिकागो विद्यापीठाने ती संगणकावरही उपलब्ध करून दिली आहे. ही सोय मोठी आहे, यात शंका नाही. मात्र शोधचौकटीत शब्द घातला की तेवढीच नोंद पुढे येते. तिचा शेजार नाहीसा होतो. आणि या कोशातील बरेचसे ज्ञान शेजारातच आहे.

‘ख’ची पाने उदाहरणादाखल घ्यावीत. खटखट, खडखड, खणखण, खदखद, खळखळ, खसखस असे ध्वन्यनुकारी शब्द थोड्याथोड्या अंतराने भेटत जातात. आद्य व्यंजन स्थिर आहे, दुसरे बदलते, आणि त्याबरोबर वस्तूच बदलते : ‘ट’ असता कठीण पृष्ठभागावरील आघात, ‘ड’ असता सैल वस्तूंचे हादरणे, ‘ण’ असता धातूचा नाद, ‘द’ असता दाट पदार्थाचे उकळणे, ‘ळ’ असता वाहते पाणी. आता उलट दुसरे व्यंजन स्थिर ठेवून पहिले बदलून पाहावे : कडकड, खडखड, गडगड, तडतड, धडधड, फडफड, बडबड. ही एक सुसंगत रचना आहे, आणि ती स्वतंत्र नोंदींतून नव्हे, तर सलग वाचनातून दृष्टीस पडते. शिवाय कोशकार अशा शब्दांची प्रत्ययसाधित रूपेही देतो : खटकन, खटकर, खटदिनी, खटदिशी. यांतील ‘खटकन’ आपल्या लेखनात उरले. ‘खटदिशी’ ग्रामीण बोलीत ऐकू येते. उरलेली दोन आजच्या विद्यार्थ्यास समजावून सांगावी लागतात. शब्द आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो, हे भाषाविज्ञानाचे पहिले सूत्र घोकणाऱ्याने हे स्तंभ अवश्य वाचावेत. सूत्र खोटे ठरणार नाही. पण ते कोठे ढिले पडते, हे मराठीच्याच आधाराने कळेल.

दुसरी गोष्ट वस्तुजाताची. मोटेचा जाड दोर तो नाडा, बारीक तो सोंदूर. बैल ज्या उतारावरून मोट ओढीत जातात ती धाव. पाणी जेथे रिते होते ते थारोळे. तेलाची आणि विजेची यंत्रे आल्यावर मोट गेली, आणि हे शब्दही तिच्याबरोबर गेले. वर्णानुक्रमामुळे ते कोशात चार ठिकाणी विखुरलेले आहेत. ज्यास ते ठाऊकच नाहीत, तो ते शोधणार तरी कसे? असे शब्द वाचकास वाटेत भेटावे लागतात.

याहून गंभीर प्रश्न संशोधनाच्या पद्धतीचा आहे. अमुक अर्थ मोल्सवर्थमध्ये आहे, म्हणून तो एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रभर रूढ होता, अशा स्वरूपाची विधाने प्रबंधांतून निःशंकपणे केली जातात. वस्तुतः हा शब्द कोकणातला, हा क्वचित वापराचा, हा केवळ काव्यातला, हा संस्कृतातून घेतलेला, अशा खुणा कोशकाराने काळजीपूर्वक केल्या आहेत. त्या खुणांचे महत्त्व पाचपन्नास पाने वाचल्यावाचून लक्षात येत नाही. एकच नोंद उतरवून घेणारा त्यांस मुद्रणातील किरकोळ अक्षरे समजतो. पुष्कळ तत्सम शब्द शास्त्र्यांच्या लेखणीपलीकडे कितपत गेले होते, याविषयी रास्त शंका घेता येते. त्यातच नोंदींना कालनिर्देशासह ग्रंथाधार दिलेले नाहीत. तेव्हा हा कोश साक्षीदार आहे, निवाडा नव्हे. आणि साक्षीदाराचा स्वभाव जाणून घेतल्यावाचून त्याची साक्ष ग्राह्य धरणे धोक्याचे असते.

त्या स्वभावातील दोषही सांगितले पाहिजेत. साहाय्यक शास्त्री ज्या वर्गातून आले, त्या वर्गाची दृष्टी जातिवाचक शब्दांच्या अनेक व्याख्यांत उघड दिसते. कित्येक ठिकाणी व्याख्या कोणती आणि तुच्छता कोणती, हे वेगळे करणे कठीण जाते. समाजेतिहासाच्या अभ्यासकास त्या नोंदी उपयुक्त आहेत. परंतु वर्णन म्हणून नव्हे, तर वर्णन करणाऱ्याविषयीचा पुरावा म्हणून. प्रादेशिक बाजूही असमतोल आहे. कोकण आणि देश यांच्याकडे जितके लक्ष आहे, तितके वऱ्हाड-नागपूरकडे नाही. तिकडील बोलींच्या अभ्यासकाने या कोशातील अभावावरून कोणताही निष्कर्ष काढू नये.

वाचनास आरंभ कोठून करावा? प्रस्तावना आणि विल्सन यांचा निबंध प्रथम वाचावा, हे उघडच आहे. बाबा पदमनजींनी १८६३ मध्ये केलेला संक्षेप सुटसुटीत आहे खरा, पण संक्षेपात गळावयाचे ते वाक्प्रचार आणि बारकावेच. म्हणून मूळ ग्रंथच हाती घ्यावा. ग्रंथालये ‘संदर्भ’ असा शिक्का मारून तो घरी नेऊ देत नाहीत, आणि घरी न नेता येणारे पुस्तक सहसा वाचले जात नाही; विभागाने एक प्रत देवघेवीसाठी मोकळी करावी, अशी सूचना येथे करून ठेवतो. त्यानंतर अक्षर निवडावयाचे. ‘अ’पासून प्रारंभ करणारा नकारार्थी तत्सम शब्दांच्या गर्दीत थकून जाईल. त्यापेक्षा ‘झ’ घ्यावा. अक्षर लहान आहे, संस्कृताची छाया जवळजवळ नाही, आणि ‘झाड’, ‘झोप’ यांतील दंत्य उच्चार व ‘झिंग’मधील तालव्य उच्चार एकाच चिन्हाखाली कसे नांदतात, हेही तेथे पाहावयास मिळते. एका सुट्टीत तेवढे सहज होते. पुढे ‘ढ’ घेण्यास हरकत नाही.