मालगुंडचें घर

बदलापूर-चामटोलीकडील कुटुंबें सुटींत गणपतीपुळ्यास जातात, देवदर्शन करतात, समुद्र पाहतात आणि वेळ राहिल्यास जवळच्या मालगुंडास केशवसुतांचें घरहि पाहून येतात. अशा वेळीं आपण नेमकें काय पाहतों, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

कृष्णाजी केशव दामले यांचा जन्म १८६६ सालीं या गांवीं झाला. कोंकण मराठी साहित्य परिषदेनें श्री. मधु मंगेश कर्णिक यांच्या पुढाकारानें येथें स्मारक उभें केलें, व १९९४ सालीं कुसुमाग्रजांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. जुन्या कोंकणी घराची ठेवण येथें आस्थेनें जपलेली आहे. तथापि हें कवीच्या जन्माचें घर आहे. त्याच्या कवितेच्या जन्माचें नव्हे.

हा भेद महत्त्वाचा आहे. वर्ड्स्वर्थचें डव्ह कॉटेज १८९१ पासून लोकांस खुलें आहे. १७९९ ते १८०८ पर्यंत तो तेथें राहिला, आणि त्याची पुष्कळशी उत्तम कविता तेथेंच झाली. त्यामुळें तें घर पाहतांना कविता अधिक उमगते. केशवसुतांस असें घर लाभलें नाहीं. मुंबई, फैजपूर, धारवाड अशीं बिऱ्हाडें बदलीत, मास्तरकीच्या तुटपुंज्या पगारावर त्यांनीं दिवस काढले. १९०५ सालीं हुबळीस प्लेगनें त्यांस गांठलें. हयातींत त्यांचा संग्रह निघाला नाहीं. तो मागाहून हरिभाऊ आपट्यांनीं काढला. त्यांचें छायाचित्रहि उपलब्ध नाहीं. अशा कवीच्या घरांत पाट, दिवे, भांडीं कितीहि मांडलीं तरी तीं त्या काळाची साक्ष देतील, कवीची नव्हे.

मग स्मारक व्यर्थ काय? मुळींच नाहीं. घराच्या जोडीस आधुनिक मराठी कवींची ओळख करून देणारें दालन आहे, आणि स्मारकाचें खरें मोल आम्हांस तेथें दिसतें. केशवसुतांपासून मराठी कवितेनें नवें वळण घेतलें, हा टीकेचा निर्णयच त्या मांडणींत व्यक्त झाला आहे. परंतु निर्णय भिंतीवर वाचून पटत नसतो. १८९३ ची ‘तुतारी’ किंवा त्यांनीं मराठींत आणलेलें सुनीत स्वतः वाचल्यावांचून त्या वळणाची कल्पना येणार नाहीं.

त्यांतहि ‘नैर्ऋत्येकडील वाऱ्यास’ ही कविता मालगुंडास जाण्यापूर्वीं अवश्य वाचावी. घरापासून दूर पडलेल्या कवीस त्या वाऱ्यानें कोंकणची आठवण होते. गांव हातून सुटल्यामुळेंच तें कवितेंत इतकें जिवंत झालें आहे. येथें घर कवितेचा अर्थ सांगत नाहीं. कविताच घरास अर्थ देते. ती न वाचतां गेलेल्यास मालगुंडांत एक नीटनेटकें जुनें घर दिसेल. वाचून गेलेल्यास तें घर सोडून गेलेला कवि भेटेल.