श्रद्धेचा उगम आणि श्रद्धेचे प्रामाण्य

फ्रॉइडच्या ‘द फ्यूचर ऑफ अ‍ॅन इल्यूजन’ (१९२७) या लहानशा ग्रंथावर एक आक्षेप इतक्या वेळा घेतला गेला आहे की, तो आता जवळजवळ पाठ्यपुस्तकी झाला आहे. एखादी समजूत मनात कशी उपजली हे दाखविल्याने ती खोटी ठरत नाही. फ्रॉइडने उगमाचा प्रश्न आणि सत्याचा प्रश्न यांची गल्लत केली, असा तो आक्षेप. ग्रंथ मुळातून वाचणाऱ्यास मात्र तो पुरता लागू पडत नाही असे दिसून येईल. फ्रॉइड ‘भ्रम’ आणि ‘चूक’ यांत स्पष्ट भेद करतो. जिच्या मुळाशी इच्छापूर्तीची प्रेरणा प्रबळ असते ती समजूत म्हणजे भ्रम. ती असत्यच असली पाहिजे असे नाही. सामान्य घरातील मुलीला एखादा राजपुत्र आपल्याला वरील असे वाटणे हा भ्रम होय, परंतु तसे क्वचित घडतेही, हे उदाहरण त्याचेच आहे. निसर्गापुढे असहाय झालेला मनुष्य बालपणीचे पितृछत्र विश्वावर आरोपित करतो, हे त्याचे प्रतिपादन. त्यायोगे ईश्वराचे नास्तित्व सिद्ध झाले, असे तो म्हणत नाही.

मग उगमाचा विचार प्रामाण्याच्या दृष्टीने निरर्थकच मानावयाचा काय? विल्यम जेम्सचा कल तिकडे आहे. ‘द व्हरायटीज ऑफ रिलिजस एक्स्पीरियन्स’ (१९०२) या ग्रंथातील पहिल्याच व्याख्यानात, सेंट पॉलला झालेले दर्शन ही मेंदूची विकृती होय असे म्हणून मोकळे होणाऱ्यांची तो चांगलीच हजेरी घेतो. शारीरिक कारणे नास्तिकाच्या मतामागेही असतातच. श्रद्धेची पारख मुळावरून न करता मुख्यतः फळांवरून करावी, असे त्याचे म्हणणे. पण श्रद्धेने मनाला बळ येते हे मान्य केले, तरी श्रद्धेचा विषय अस्तित्वात आहे असे त्यावरून निघत नाही.

या ठिकाणी मीमांसकांचा विचार अधिक नेमका वाटतो. कुमारिल भट्टाच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते. विषय अन्यथा असल्याचे कळले, अथवा ज्ञानाच्या कारणात दोष आढळला, तरच ते अप्रमाण ठरते. काविळीने पिवळा दिसणारा शंख हे दर्शनग्रंथांतील परिचित उदाहरण घ्यावे. डोळा सदोष आहे एवढे समजताच ‘शंख पिवळा आहे’ या ज्ञानावरील भरवसा उडतो. मात्र शंख खरोखर कोणत्या रंगाचा, हे तेवढ्याने कळत नाही. फ्रॉइडचा युक्तिवाद या जातीचा आहे. इच्छा हा कारणदोष होय, हे त्याचे खरे प्रमेय, आणि ‘गल्लत’ म्हणून ते झटकून टाकता येणार नाही. (कुमारिल स्वतः जगत्कर्त्या ईश्वराचे खंडन करणारा होता, तेव्हा ही भेदरेषा ईश्वरवाद्यांच्या सोयीसाठी आखलेली नव्हे.)

फ्रॉइडचे दौर्बल्य अन्यत्र आहे. कारणदोष दाखवावयाचा तर तो ज्या त्या ज्ञानाच्या कारणात दाखविला पाहिजे. विठ्ठलाला ‘माउली’ म्हणणाऱ्या वारकऱ्याच्या श्रद्धेला पित्याचा धाक आणि पित्याचे छत्र ही उपपत्ती जशीच्या तशी लावता येत नाही. रोमाँ रोलाँने १९२७ च्या डिसेंबरात फ्रॉइडला लिहिलेल्या पत्राने ही अडचण अधिक तीव्र केली. रामकृष्ण परमहंसांच्या चरित्राकडे वळलेल्या या लेखकाने, पंथ आणि मते बाजूला ठेवून, सागरासारख्या असीमतेच्या प्रत्यक्ष जाणिवेकडे बोट दाखविले. फ्रॉइडने ‘सिव्हिलायझेशन अँड इट्स डिसकंटेंट्स’ (१९३०) मध्ये, ही जाणीव स्वतःच्या ठायी आढळत नाही असे प्रांजळपणे सांगितले. आणि लगेच, ‘मी’ व बाह्य जग यांची फारकत होण्यापूर्वीच्या अर्भकावस्थेचा तो अवशेष असल्याचे सुचविले. सांत्वनाच्या गरजेचा उल्लेख तेथे येतो, पण ओझरता. पितृछत्राच्या बाबतीत त्याने इच्छेचे कार्य पायरीपायरीने उलगडले होते. येथे तो केवळ जाणिवेचे पुरातनत्व दाखवितो, आणि पुरातनत्व हा कारणदोष कसा, हे सांगावयाचे राहून जाते.