शब्दसूचीत उरलेली भाषा : मेरी अँटिन आणि हेन्री रॉथ

मेरी अँटिन यांचे 'द प्रॉमिस्ड लँड' (१९१२) हे आत्मचरित्र बहुधा अमेरिकेतील सार्वजनिक शाळेचे गौरवगान म्हणून वाचले जाते. रशियन साम्राज्यातील पोलोत्स्क येथून १८९४ मध्ये बॉस्टनला आलेल्या या यहुदी मुलीला शाळा विनामूल्य मिळाली. कोप्ले चौकातील सार्वजनिक ग्रंथालय आपल्या मालकीचा राजवाडा वाटला. हेल हाउस या वस्तीतील सेवाकेंद्राने निसर्ग-अभ्यास मंडळाचे दार उघडले. तिच्या शिक्षिकेने हिमवर्षावावरील तिचा बालनिबंध शिक्षकांच्या नियतकालिकाकडे पाठविला व तो छापून आला. समाजाने उभारलेल्या संस्था आणि नवी भाषा शिकणारे मूल यांच्यातील नात्याचा इतका तपशीलवार आलेख त्या काळच्या स्थलांतरितांच्या लेखनात विरळाच.

तथापि, या आलेखात न मोजलेली दोन साधने आहेत. पहिले म्हणजे यिडिश. बॉस्टनला पोहोचल्यावर अँटिन यांनी प्रवासाची हकिकत मामाला यिडिशमधील दीर्घ पत्रातून कळविली. तिचेच त्यांनी स्वतः केलेले इंग्रजी रूपांतर १८९९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. म्हणजे इंग्रजी लेखिकेची घडण यिडिश गद्यात आधीच सुरू झाली होती. आत्मचरित्रात मात्र या भाषेचे स्थान अखेरीस जोडलेल्या शब्दसूचीत आहे. घरचे शब्द तेथे उच्चारासह समजावून दिले आहेत, जणू ते परक्यांचेच होते. (शब्दसूची वाचकाच्या सोयीसाठी असते हे खरे, पण कोणत्या वाचकाच्या, हा प्रश्न उरतोच.)

दुसरे साधन थोरली बहीण फ्रीडा. मेरी शाळेत गेली, फ्रीडा शिवणकामाच्या मजुरीला. अँटिन हे लपवीत नाहीत, उलट हळुवारपणे सांगतात. परंतु तो दैवाचा भाग मानून त्या पुढे सरकतात. विनामूल्य शिक्षणाचे मूल्य घरातील एका मुलीने चुकविले, हा निष्कर्ष त्यांच्याच मजकुरातून निघतो आणि निवेदिका तो काढत नाही. ग्रंथाची खरी गुंतागुंत या मौनात आहे. १९१६ मध्ये त्यातील भाग शालेय आवृत्ती म्हणून निघाला, तेव्हा तर हे आत्मकथन स्वतःच वर्गातील साधन झाले.

हेन्री रॉथ यांच्या 'कॉल इट स्लीप' (१९३४) या कादंबरीत याच भाषिक व्यवहाराची उलट मांडणी आढळते. न्यूयॉर्कमधील बालनायक डेव्हिड शर्ल आणि त्याची आई यांचे यिडिश संभाषण रॉथ डौलदार इंग्रजीत देतात. रस्त्यावरची मुले जे इंग्रजी बोलतात ते मात्र मोडके, ध्वन्यनुसारी लेखनात येते. भाषांची प्रतवारी अशी उलटवणे हा निव्वळ शैलीचा प्रयोग नव्हे. अँटिन यांनी शब्दसूचीत ठेवलेली भाषा येथे संहितेच्या मध्यभागी येते, तीही यिडिशचा शब्द न जाणणाऱ्या वाचकाला तिचा भारदस्तपणा जाणवेल अशा रीतीने.

हरवलेला डेव्हिड पोलीस ठाण्यात पोहोचतो तो प्रसंग या दृष्टीने निर्णायक ठरतो. तेथे मदत करू पाहणारी माणसे आहेत, त्यांच्या वागण्यात दुष्टावा नाही. मुलगा आपल्या रस्त्याचे नाव घरी ऐकले तसे पुन:पुन्हा सांगतो. अधिकारी त्यातून दुसऱ्याच रस्त्यांची नावे ऐकत राहतात.