नगरपरिषदांची खरेदी व स्पर्धात्मक निविदा : नियमांची चिकित्सा (वाशीम जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
1 जुलै 1998 रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. वाशीम, कारंजा, रिसोड व मंगरूळपीर या नगरपरिषदा आणि मालेगाव व मानोरा या नगरपंचायती, अशी येथील नागरी स्वराज्य संस्थांची रचना आहे. पथदिवे, घंटागाड्या, तुरटी, ब्लीचिंग पावडर यांसारखी त्यांची खरेदी महानगरपालिकांच्या तुलनेत अल्प असते. परंतु तुरटी निकृष्ट निघाली तर तिची किंमत नागरिकांना नळाच्या पाण्यातून मोजावी लागते. 2018 मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत समाविष्ट झालेल्या या जिल्ह्यात सार्वजनिक पैशाचा प्रत्येक रुपया मोलाचा आहे. म्हणूनच स्पर्धात्मक निविदेचे नियम आपला हेतू साध्य करतात काय, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

नियमांची चौकट :
नगरपरिषदांचा कारभार 1965 च्या महाराष्ट्र अधिनियमानुसार चालतो. खरेदीची तपशीलवार कार्यपद्धती मात्र मुख्यतः शासननिर्णयांतून ठरते. उद्योग विभागाने 1 डिसेंबर 2016 रोजी प्रसृत केलेली खरेदीची सुधारित नियमपुस्तिका हा त्यांतील महत्त्वाचा दस्तऐवज होय. छोट्या खरेदीसाठी दरपत्रके, ठरावीक रकमेच्या मर्यादेपलीकडे ई-निविदा, तांत्रिक व आर्थिक असे दोन लिफाफे आणि पात्र निविदाकारांपैकी न्यूनतम दराची स्वीकृती, हे या पुस्तिकेचे मुख्य सूत्र आहे. तमिळनाडूने 1998 मध्ये, कर्नाटकाने 1999 मध्ये आणि राजस्थानने 2012 मध्ये याविषयी स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्राने शासननिर्णयांचाच मार्ग पत्करला.

नियमांच्या मर्यादा :
पहिली मर्यादा अशी, की नियम निविदांची संख्या मोजतात, स्पर्धा मोजत नाहीत. पुणे महानगरपालिकेच्या घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांबाबत भारतीय स्पर्धा आयोगाने 2018 मध्ये दिलेला निर्णय या दृष्टीने बोलका आहे. निविदाकारांनी आपसांत संगनमत केल्याचे आयोगास आढळले व त्यांना दंड झाला. वेगवेगळ्या नावांच्या निविदा एकाच आयपी पत्त्यावरून भरल्या गेल्या होत्या, हा त्यातील एक पुरावा होता. म्हणजे संगणकीकरणाने संगनमत थांबले नाही. त्याचा माग तेवढा शिल्लक राहिला. पुण्यासारख्या महानगरात असे घडत असेल, तर मोजकेच पुरवठादार असलेल्या लहान शहरांत तीन निविदा आल्या एवढ्यावरून स्पर्धा झाली असे मानणे धाडसाचे ठरेल.

दुसरी मर्यादा रकमेच्या उंबरठ्याची आहे. मर्यादा ठरली की मागणीचे तुकडे पाडण्याचा मोह निर्माण होतो. वर्षभराच्या दिव्यांची एकत्रित मागणी ई-निविदेस पात्र ठरते. तीच चार वेळा मागवली तर दरपत्रकांवर भागते. नियम तुकडे पाडण्यास मनाई करतात, परंतु वार्षिक खरेदी आराखडा आधीच जाहीर झालेला नसेल तर तुकडे पाडले हे सिद्ध करणार कसे?

तिसरी मर्यादा न्यूनतम दराची आहे. दर कमी, पण दिवा सहा महिन्यांत बंद, अशा खरेदीस काटकसर म्हणता येत नाही. केंद्र शासनाने 29 ऑक्टोबर 2021 च्या सूचनांद्वारे विशिष्ट खरेदीत गुणवत्तेस 30 टक्क्यांपर्यंत भारांश देण्याची मुभा दिली. यावर असा आक्षेप येऊ शकतो, की लहान गावात गुणवत्तेचा निर्णय अधिकाऱ्यांवर सोपविल्यास मर्जीला वाव मिळेल. आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र न्यूनतम दराच्या आंधळ्या स्वीकारात नसून, गुणांकनाचे निकष निविदेपूर्वीच लेखी जाहीर करण्यात आहे.

चौथी मर्यादा दाद मागण्याची आहे. मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाच्या निविदेसंबंधीच्या रमणा दयाराम शेट्टी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये स्पष्ट केले, की प्रशासनाने जाहीर केलेला पात्रतेचा निकष त्यालाच मनमानीपणे मोडता येत नाही. तथापि अर्जदार विलंबाने आला व दरम्यान कंत्राटदाराचा खर्च झाला होता, म्हणून प्रत्यक्ष दाद मिळाली नाही. तत्त्व टिकले, कंत्राटही टिकले! रिसोडच्या लहान पुरवठादाराला नागपूर खंडपीठापर्यंत जाणे परवडेलच असे नाही. जलद व स्वस्त तक्रार निवारण नसेल, तर त्याच्या दृष्टीने नियम कागदावरच राहतात.

निष्कर्ष :
स्पर्धात्मक निविदा हे साधन आहे, साध्य नव्हे. ती टाळणे हा उपाय नाही. तिला अर्थ प्राप्त करून देणे हा आहे. त्यासाठी वार्षिक खरेदी आराखड्याची पूर्वप्रसिद्धी, जिल्ह्यातील सहाही संस्थांच्या समान वस्तूंची एकत्रित मागणी, स्वीकृत दर व पुरवठादारांची नावे सूचना फलकावर लावणे आणि करार होण्यापूर्वी तक्रारीसाठी ठरावीक मुदत, या चार बाबी आवश्यक वाटतात. महाविद्यालयांच्या लोकप्रशासन, वाणिज्य व अर्थशास्त्र विभागांनी माहितीच्या अधिकाराद्वारे आपल्या नगरपरिषदेच्या निविदांचा अभ्यास हाती घेतल्यास या सूचनांना पुराव्याचे बळ मिळेल. नियम पाळले गेले काय, एवढेच लेखापरीक्षण विचारते. नियमांनी काय साधले, हा प्रश्न अभ्यासकांनी विचारावयाचा आहे.