मित्रांचे चेहरे आणि मतदान

समाजमाध्यमांमुळे लोक राजकारणात अधिक भाग घेऊ लागले, हे विधान आता निबंधांत आणि वादविवाद स्पर्धांत सर्रास ऐकू येते. पुराव्यादाखल बहुधा एकाच प्रयोगाकडे बोट दाखवले जाते. तो प्रयोग नीट वाचला, तर या विधानाला त्याचा आधार फारच थोडा आहे असे दिसते.

२ नोव्हेंबर २०१० रोजी अमेरिकेत काँग्रेसच्या निवडणुका होत्या. त्या दिवशी फेसबुक उघडणाऱ्या सुमारे ६ कोटी १० लाख प्रौढांवर हा प्रयोग झाला. रॉबर्ट बाँड, जेम्स फाउलर आणि सहकाऱ्यांनी तो २०१२ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केला. बहुतेकांना पानाच्या माथ्यावर मतदान केंद्र शोधण्याची सोय, 'मी मत दिले' असे बटण आणि ते दाबलेल्या मित्रांपैकी सहापर्यंत चेहरे दिसले. सुमारे एक टक्का लोकांना हेच सारे दिसले, पण चेहऱ्यांवाचून. आणखी एका टक्क्याला काहीच दिसले नाही. कोणाला काय दिसावे हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरले होते. म्हणून तिन्ही गटांची तुलना करता येते.

अमेरिकेत कोणी मत दिले (कोणाला दिले हे नव्हे) याच्या नोंदी पाहायला मिळतात. त्यांच्याशी सुमारे ६३ लाख नावे ताडून पाहिली गेली. चेहऱ्यांवाचूनच्या संदेशाचा मतदानावर परिणाम आढळलाच नाही! चेहरे पाहिलेल्यांत मतदान ०.३९ टक्क्याने अधिक होते, म्हणजे हजारात सुमारे चार. बटण दाबण्यातला फरक मात्र दोन टक्क्यांहून थोडा अधिक होता. 'समजले' म्हणून हात वर करणारे आणि गणित सोडवून दाखवणारे यांच्या संख्येत वर्गातही अंतर असतेच.

संशोधकांच्या अंदाजाने एकूण सुमारे ३,४०,००० मते वाढली. त्यांतील बहुतांश मते संदेश पाहिलेल्या मित्रांच्या प्रभावामुळे पडली, आणि तीही जवळच्या मित्रांच्या. यादीतल्या दूरच्या ओळखींचा प्रभाव दिसला नाही.

इथेच लोकप्रिय विधान अडखळते. 'विविध प्रकारचे लोक जोडले गेले, म्हणून सहभाग वाढला' असे या प्रयोगात काही नाही. उलट पूर्वीचे अभ्यास दुसरेच सांगतात. ओहायोतील ईरी परगण्यात १९४० च्या निवडणुकीचा अभ्यास करताना पॉल लाझार्सफेल्ड यांना आढळले, की दोन्ही बाजूंनी ओढले जाणारे मतदार निर्णय लांबणीवर टाकतात, त्यांचा रसही ओसरतो. डायना मट्झ यांच्या २००६ च्या पुस्तकातही हेच सूत्र आहे: भिन्न मतांच्या लोकांत वावरणारा माणूस दुसऱ्याची बाजू अधिक समजून घेतो, पण संबंध बिघडू नयेत म्हणून राजकारणात कमी उतरतो. तेव्हा विविधता आणि सहभाग ही दोन्ही उद्दिष्टे एकाच बटणाने साधतील, ही अपेक्षा भाबडी आहे.

प्रयोगाची रचना मला उत्तम वाटते. आक्षेप वेगळा आहे. आपण प्रयोगात आहोत हे त्या दिवशी वापरकर्त्यांना सांगितलेले नव्हते. हजारी चार हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण २००० साली फ्लोरिडाचा, आणि पर्यायाने अध्यक्षपदाचा, निकाल ५३७ मतांनी लागला होता. २०१० मध्ये चिठ्ठ्या प्रामाणिकपणे टाकल्या गेल्या. एखाद्या निवडणुकीत हे चेहरे ठरावीक भागातल्या किंवा ठरावीक कलाच्या लोकांनाच दाखवले, तर बाहेरच्या माणसाला ते कळणार कसे? कोणाला काय दाखवले याची नोंद कंपनीच्याच संगणकात असते.