रेझियाचे काय झाले?

व्हर्जिनिया वुल्फ यांच्या ‘मिसेस डॅलोवे’ (१९२५) या कादंबरीची चर्चा करताना समीक्षक सेप्टिमस स्मिथविषयी पुष्कळ लिहितात. पहिल्या महायुद्धातून परतलेला हा लंडनचा कारकून. युद्धविरामाच्या थोडेच आधी मारला गेलेला त्याचा मित्र इव्हान्स त्याला दिवसाढवळ्या दिसतो. आमचे लक्ष मात्र त्याच्या इटालियन पत्नीकडे, रेझियाकडे जाते.

अशा व्याधीला १९१५ मध्ये वैद्यकीय लेखनात ‘शेल शॉक’ हे नाव मिळाले. आज आपण जिला आघातोत्तर तणाव विकृती म्हणतो, तिला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या सूचीत स्थान मिळाले ते १९८० साली. या दोहोंच्या मध्ये उभ्या असलेल्या रेझियाला पतीच्या दुखण्याचे धड नावही ठाऊक नाही. बागेत तो स्वतःशी बोलू लागला की लोक पाहतील म्हणून ती ओशाळते. हा मेलेला बरा, असाही विचार तिच्या मनात येऊन जातो. लेखिकेने तो झाकलेला नाही, हे आम्ही तिच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानतो. वर्षानुवर्षे रुग्णसेवा करणाऱ्यांच्या मनात असे विचार येतात. ते थकव्यातून येतात, दुष्टपणातून नव्हे.

डॉ. होम्स म्हणतात, याला काहीही झालेले नाही. त्याने मन रमवावे, क्रिकेट खेळावे. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री मुकाट्याने त्याच्याजवळ बसले, तोवर ते खरे मित्र होते. बोलू लागले तेव्हाच बिघडले. होम्स बोलण्यापासूनच आरंभ करतात! त्यांच्यापेक्षा मोठे सर विल्यम ब्रॅडशॉ पाऊण तासात निकाल देतात की, रुग्णाला प्रिय माणसांपासून दूर ठेवले पाहिजे. (या डॉक्टरांवर लिहिताना लेखिकेचा संताप आवरत नाही, तेवढी पाने व्याख्यानासारखी झाली आहेत.)

कादंबरीतील सर्वांत सुंदर प्रसंग अगदी साधा आहे. रेझिया एका शेजारणीच्या लेकीसाठी टोपी शिवत बसली आहे. सेप्टिमस सहज काहीतरी थट्टा करतो. मग फिती व कृत्रिम फुले जुळवून टोपीची सजावट स्वतःच ठरवतो. ती टाके घालते. दोघेही हसतात. कित्येक आठवड्यांत असे घडलेले नसते. ती त्याला उपदेश करीत नाही, की युद्धाच्या आठवणी उकरून काढीत नाही. हातातले काम दोघांचे होते, एवढेच.

तेवढ्यात होम्स जिना चढून येतात. रेझिया वाट अडवते. ते तिला बाजूला सारतात. सेप्टिमस खिडकीतून उडी घेतो आणि डॉक्टर त्याला भ्याड ठरवतात. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथानुसार गंभीर मानसिक विकार अशा माणसाची जबाबदारी कमी करू शकतो, आणि ख्रिस्तसभा त्याच्यासाठी प्रार्थना करते. होम्ससारखे शब्द अंत्यविधीच्या दिवशी आमच्याही कानांवर पडतात, म्हणून हे येथे नोंदवतो.

आमची तक्रार पुढच्या भागाबद्दल आहे. ती मृत्यूची वार्ता क्लॅरिसा डॅलोवे यांच्या मेजवानीत पोहोचते आणि त्या तिच्यावर एकांतात चिंतन करतात. समीक्षकांनी ते चिंतन फार वाखाणले आहे. पण हे दुःख जिचे आहे तिची तेथे कोणी साधी विचारपूसही करीत नाही. होम्सनी दिलेले औषध पिऊन रेझियाला गुंगी आलेली असते. ती जागी झाली तेव्हा तिच्या उशाशी कोण होते, हे वुल्फबाईंनी सांगितलेले नाही.